पेढी बुडाली तर आगाऊ दिलेल्या पैशाचं आणि मोडीच्या सोन्याचं काय होतं?

देवरुखच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलीचं लग्न मेमध्ये आहे. एका पेढीत त्यांनी दरमहा 5 हजारांची सुवर्ण योजना लावली, तिचे 9 हप्ते भरून झाले. शिवाय 60 ग्रॅमच्या दागिन्यांची ऑर्डर देऊन 4 लाख आगाऊ दिले आणि सासूबाईंच्या 40 ग्रॅमच्या पाटल्या मोडीत घातल्या. डाग, म्हणजे दागिने, संक्रांतीला मिळायचे होते. मग माघी गणपतीचा वायदा झाला, आता शिमगा होऊ दे म्हणतात. पेढी अडचणीत आहे अशी बाजारात कुजबुज आहे. पेढी बसली तर आमचं सोनं मिळेल का, आणि आज काय करावं?

मी सीए आहे. गेली 27 वर्षं चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या सराफी पेढ्यांची खाती तपासतोय. तीन पेढ्या माझ्या डोळ्यांदेखत बसल्या. त्या अनुभवावरून लिहितो.

ताई, प्रश्नातल्या ‘आमचं सोनं’ या शब्दांपाशीच थांबू. तुमच्या तीन व्यवहारांपैकी पाटल्या वगळता कशातही अजून ‘तुमचं सोनं’ अस्तित्वात नाही, आणि पाटल्यांचंही पावती पाहून ठरेल. मालविक्री अधिनियम, 1930 प्रमाणे जो माल अजून ठरलेला, वेगळा काढलेला नाही, त्याची मालकी खरेदीदाराकडे जातच नाही. तुम्ही 60 ग्रॅमचे पैसे भरलेत, पण ते 60 ग्रॅम म्हणजे नेमका कुठला तुकडा हे कोणी दाखवू शकत नाही. तोवर तुम्ही पेढीच्या धनको आहात, म्हणजे पेढी तुमचं देणं लागते, एवढंच. पेढीचा ताळेबंद माझ्यासमोर येतो तेव्हा तुमचे 4 लाख डाव्या बाजूला, ‘ग्राहकांकडून आगाऊ’ या ओळीत, कारागिरांच्या थकलेल्या मजुरीच्या आणि वीजबिलाच्या शेजारी बसलेले असतात. काचेच्या कपाटात चमकणारा माल उजव्या बाजूला असतो, आणि त्यावर बहुतेक वेळा बँकेच्या कॅश क्रेडिटचा बोजा असतो. मोठ्या पेढ्या बँकेकडून सोनंच कर्जाऊ घेतात, त्याला गोल्ड मेटल लोन म्हणतात. म्हणजे ज्या मालाकडे बघून आपल्याला धीर येतो, त्यावर पहिला हात बँकेचा. मालवणातले एक म्हातारे सोनार गिऱ्हाइकाला पावती देतानाच सांगत, “पैसे दिले म्हणान सोना आपला झाला असा नाय हां.” असा सोनार आता विरळाच.

आता भोक कुठे पडतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं पेढी बुडते ती चोरीमुळे किंवा मालकाच्या नादांमुळे. तसंही होतं. पण मी पाहिलेल्या तीनपैकी दोन पेढ्या बांधलेल्या, म्हणजे गिऱ्हाइकाला आधीच पक्क्या करून दिलेल्या, भावात बुडाल्या.

तुम्ही आजचा भाव बांधून पैसे भरलेत की चोख पेढीवाला त्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या गुजरीत नाहीतर मुंबईच्या झवेरी बाजारात फोन करून तितकंच सोनं उचलतो. बांधलेलं वजन साठत गेलं तर एमसीएक्स या वायदेबाजारात 100 ग्रॅमचा गोल्ड मिनीचा सौदा घेऊन ठेवतो. मग भाव कुठेही जावो, त्याला फक्त मजुरीतला नफा मिळतो आणि झोप लागते. ढिला पेढीवाला काय करतो? पैसे चालू खात्यात पडू देतो, आणि ‘भाव उतरला की घेऊ’ म्हणतो.

23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं. 24 कॅरेटचा भाव 10 ग्रॅमला 70 हजारांच्या आसपास उतरला आणि पेढ्यांसमोर भाव बांधायला गर्दी झाली. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच 10 ग्रॅमने 1 लाख गाठले, आणि 2025 च्या ऑक्टोबरात 1 लाख 20 हजारही मागे पडले. समजा एखाद्या पेढीने त्या जुलैत 1 किलो सोनं बांधून दिलं आणि प्रत्यक्षात घेतलं नाही. तिच्याकडे 70 लाख आले, आणि द्यायचं सोनं झालं 1 कोटी 20 लाखांचं. 50 लाखांचं भोक, एक पैशाची चोरी न करता! मग वैशाखातल्या वधूंचे डाग गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या आगाऊतून होतात, त्या चाकरमान्यांचे दिवाळीच्या योजनेतून. नवं आगाऊ थांबलं की चाक थांबतं.

आपल्याकडे हे चाक पावसाळ्यात थांबतं. आंब्याचा पैसा मार्च ते मे, मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद, गणपतीचे मुंबईकर अजून यायचेत. माझ्या पाहण्यातल्या तीनपैकी दोन पेढ्या जून-जुलैतच बसल्या. तिसरीची कथा वेगळी. तिचा मालक दागिन्यांचा उत्तम पारखी, पण राजापूर तालुक्यात रिफायनरी येणार म्हणून जमिनींचे भाव उसळले तेव्हा त्याने योजनेचे पैसे सातबाऱ्यांत घातले. नाणारच्या त्या रिफायनरीची अधिसूचना 2019 च्या मार्चमध्ये रद्द झाली. जमिनी त्याच्याकडे होत्या, त्या घ्यायला मात्र कोणी नव्हतं. ताळेबंदात श्रीमंत आणि गल्ल्यात कंगाल असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तेव्हापासून पेढीवाला प्लॉटिंगच्या गोष्टी करायला लागला की माझे कान उभे राहतात.

हा रोग काही आपल्याच बाजारचा नाही. अमेरिकेत टल्विंग कंपनी 2014 मध्ये बंद पडली, बुलियन डायरेक्ट 2015 मध्ये, नॉर्थवेस्ट टेरिटोरियल मिंट 2016 मध्ये. तिन्हीकडे गिऱ्हाइकांनी पूर्ण पैसे आधी भरलेले, नाणी-लगडी यायच्या बाकी. तिथल्या लोकांनाही आधी दिसला तो लांबत जाणारा वायदा. आपल्याकडे 2019 च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली भागातल्या एका सराफी साखळीची दुकानं बंद झाली आणि योजनेचे हप्ते भरलेल्या बायका शटरसमोर उभ्या राहिल्या, ते बऱ्याच जणांच्या लक्षात असेल.

म्हणून तुमचा दोनदा सरकलेला वायदा मी गंभीरपणे घेतो. ‘कारागीर गावी गेलाय’ हे कारण एकदा खरं असू शकतं. आपल्याकडचे पुष्कळ कारागीर बंगाली आहेत, सणाला किंवा निवडणुकीला गेले की महिना लावतात. पण दुसऱ्यांदा तेच कारण आलं तर मालकाला विचारत बसू नका, पॉलिशवाल्याला नाहीतर ओवणाऱ्याला विचारा. मजुरी थकली की बातमी आधी त्यांच्याकडे असते. ट्रे विरळ झालेत का, मधल्या खाचा रिकाम्या ठेवून डाग लांब लांब लावलेत का, हे बघा. ‘आज पूर्ण पैसे भरलेत तर मजुरी माफ’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त घाबरवतं. ज्याला मजुरीवर जगायचं असतं तो मजुरी सोडतो, म्हणजे त्याला तुमच्या दागिन्यापेक्षा तुमच्या रोकडीची घाई आहे.

दोन गोष्टी घरबसल्या, फुकट तपासता येतात. पावतीवर जीएसटी क्रमांक असतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याच्या शोधात टाका. पेढी एका माणसाची आहे, भागीदारी आहे की प्रायव्हेट लिमिटेड हे कळतं, आणि विवरणपत्रं कधी भरली तेही दिसतं. 3बी, म्हणजे ज्याच्यासोबत कर भरायचा असतो ते विवरणपत्र, दोन-तीन महिने थकलं असेल तर पेढीत रोकड नाही असं समजा. माणूस जीएसटी सगळ्यात शेवटी थकवतो, कारण त्याचं व्याज आणि दंड झोंबतो. दुसरं, पेढीवाला म्हणाला की ‘डाग तयार आहे, पॉलिशला गेलाय’, तर त्याचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबत दागिन्यावर उमटवलेला ओळख क्रमांक, मागा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क लागू असलेला दागिना सहा अक्षरी एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. नंबर ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क केंद्र कळतं. नंबरच नसेल तर डाग अजून हॉलमार्क झालेला नाही. 40 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या सोनाराला यातून सूट आहे, पण तो सहसा योजनाही चालवत नाही.

आता पाटल्यांकडे येतो. तुमची खरी बाजू इथे आहे, आणि लोक सगळ्यात जास्त चूकही इथेच करतात. मोड दोन तऱ्हेने घेतली जाते. पेढीने पाटल्या गाळून, टंच (सोन्याची शुद्धता) काढून, त्या दिवसाच्या भावाने विकत घेतल्या आणि ती रक्कम तुमच्या ऑर्डरला जमा केली, तर पाटल्या तुम्ही विकल्या. उरलं ते पुन्हा उधारीचं नातं. पण ‘याच सोन्याचे तोडे करून द्यायचे’ असं ठरून, वजन आणि टंच लिहून, फक्त मजुरीवर काम दिलं असेल, तर करार अधिनियम, 1872 मधला निक्षेप होतो. सोनं तुमचंच राहतं, सोनार फक्त सांभाळणारा. पेढी बसली तरी ते तिच्या मालमत्तेत धरता येत नाही, ते वेगळं मागता येतं. पावतीवर ‘खरेदी’ लिहिलंय की ‘जॉब वर्क’ किंवा ‘घडणावळीसाठी’, एवढ्या एका शब्दावर 40 ग्रॅम फिरतात.

निक्षेपात ताबा किती महत्त्वाचा, याचा मद्रास उच्च न्यायालयाचा 1930 च्या दशकातला एक मजेशीर निकाल आहे. एका बाईंनी जुने दागिने गाळून नवे करायला सोनाराकडे दिले. रोज संध्याकाळी त्या अर्धवट झालेले डाग आपल्या ताब्यात घेत, सोनाराच्याच खोलीतल्या पेटीत ठेवत आणि किल्ली घेऊन घरी जात. एका रात्री चोरी झाली. न्यायालय म्हणालं, बाई, किल्ली तुमच्याकडे, म्हणजे ताबा तुमच्याकडे, सोनार जबाबदार नाही. सावधपणाच अंगाशी आला! पण त्यातून एक उपयोगाची गोष्ट कळते. कोणाकडे किती वेळ काय होतं, हे लिहिलेलं असावं.

लिहिण्याबद्दल जरा रेंगाळतो. एका ग्राहकाने माझ्याकडे आणलेली ऑर्डरची चिठ्ठी अजून डोळ्यांसमोर आहे. गुलाबी कार्बन प्रत, वर पेढीच्या नावाचा शिक्का अर्धवट उमटलेला, खाली ‘1 मोहनमाळ, 2 तो.’ आणि ‘जमा 90’. 90 म्हणजे 90 हजार हे दोघांनाच ठाऊक. भाव नाही, कॅरेट नाही, तारीख फक्त ‘दसरा’. आणि ‘2 तो.’ म्हणजे तरी किती? बोलण्यात आपण तोळा 10 ग्रॅमचा धरतो, जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. दोन तोळ्यांत तीन ग्रॅमहून जास्त फरक. म्हणून चिठ्ठीवर ग्रॅम, कॅरेट, बांधलेला भाव, मजुरी, द्यायची तारीख, आणि ‘न दिल्यास काय’ हे लिहून घ्या. लाजू नका.

आणि चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा मी हे शिकलो. बाजारपेठेतल्या एका पेढीच्या वह्या चिखलातून काढून आम्ही गॅलरीत दोरीवर वाळत घातल्या होत्या. शाईच्या नोंदी पुसून गेल्या, बॉलपेनच्या राहिल्या. ज्या ग्राहकांची योजनेची कार्डंही त्यांच्या घरी वाहून गेली, त्यांचे हप्ते त्या मालकाने शब्दावर मान्य केले. तो मालक तसा होता. कायद्याने त्याच्यावर कुणाची बळजबरी नव्हती.

रोखीबद्दल एक कडू गोष्ट. 2017 पासून एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. म्हणून पुष्कळदा पेढीवाले पावती तिघांच्या नावावर फोडतात, एक बाईच्या, एक नवऱ्याच्या, एक दिराच्या. त्या वेळी सगळ्यांना सोयीचं वाटतं. पेढी बसल्यावर तीन दावे, तीन प्रतिज्ञापत्रं, आणि तिसऱ्या पावतीवरच्या दिराशी बोलणं बंद असतं. तुमचे 4 लाख कसे दिलेत ते प्रश्नात नाही. बँकेतून गेले असतील तर निम्मं काम झालं.

योजनेचे 45 हजार हा सगळ्यात कमकुवत धागा. ‘11 महिने तुम्ही, 12वा हप्ता आम्ही’ ही योजना अशीच का असते? कंपनी कायद्याच्या 2014 च्या ठेव नियमांत मालासाठीचं आगाऊ 365 दिवसांत मालापोटी वळतं केलं तर ती ठेव धरली जात नाही. वर्षापलीकडे गेलं तर ठेव, आणि ठेव म्हटली की नियम आले. म्हणून योजना वर्षाच्या आत आवळल्या. म्हणजे तो आकडा पेढीच्या सोयीचा आहे, तुमच्या संरक्षणाचा नाही. आणि तुमची पेढी भागीदारी असेल तर कंपन्यांचे नियम तिला लागूच नाहीत. या पैशाला बँकेतल्या ठेवीसारखा विमा कुठेच नाही.

पेढी बसलीच तर रस्ते कोणते? कंपनी असेल तर 2016 ची दिवाळखोरी संहिता. मालासाठी आगाऊ देणारा ‘परिचालन धनको’, म्हणजे माल-सेवेच्या व्यवहारातला येणेकरी, ठरतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं आहे. घर घेणाऱ्यांना 2018 च्या दुरुस्तीने वित्तीय धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकेच्या पंगतीचा, दर्जा मिळाला, सोनं घेणाऱ्यांना नाही. म्हणजे रांगेत तुम्ही बँकेच्या मागे. भागीदारी किंवा एकट्याची पेढी असेल तर आपल्या जिल्ह्यांत अजून 1920 चा प्रांतिक नादारी अधिनियम चालतो. दोन्हीकडे हाती येतं ते रुपयातले काही आणे, आणि तेही उशिरा.

त्यापेक्षा दात असलेला कायदा म्हणजे ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा आपला 1999 चा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्यात ठेवीची व्याख्या रुंद आहे. पैसे किंवा मौल्यवान वस्तू घेऊन ती पैशाच्या, वस्तूच्या किंवा सेवेच्या रूपात परत करायची असेल तर ठेव. योजनेचे हप्ते त्यात बसवायला तपास अधिकाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. 6 वर्षांपर्यंत कैद, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मालकाची मालमत्ता जप्त करून विकता येते. मात्र एकट्याने जाऊ नका. वीस-पंचवीस जणांनी आपापल्या पावत्यांचा एक तक्ता करून आर्थिक गुन्हे शाखेकडे दिला की गुन्हा लवकर दाखल होतो. लिलाव आणि वाटपाला वर्षं लागतात, ती तयारी ठेवा. ग्राहक आयोग एकट्यालाही जमतो. दोन वर्षांची मुदत, 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. पण पेढीत काही उरलंच नसेल तर आयोगाचा आदेश भिंतीवर लावायचा.

म्हणून खरं काम आजचं. गुन्हा, आयोग हे सगळं पेढी बसल्यानंतरचं. तुमची पेढी अजून उघडी आहे, आणि उघड्या पेढीकडून मिळतं तितकं बंद पेढीकडून कधीच मिळत नाही.

घरातलं एक वडीलधारं माणूस बरोबर घ्या आणि सकाळी, गर्दी नसताना जा. आवाज चढवू नका, बाजारात बोलू नका. एकदा व्हॉट्सॲपवर बातमी फिरली की तरू शकली असती ती पेढीही दोन दिवसांत बसते, आणि तुम्ही रांगेत चाळिसाव्या असता. मालकाला म्हणा, “भाऊ, नक्षी राहू दे, तयार असेल ते द्या.” ठुशी हवी होती आणि कपाटात बोरमाळ आहे, तर बोरमाळ घ्या. पाटल्यांच्या जागी साध्या बांगड्या चालतील. वजन जुळवा, बांधलेल्या भावाने पक्कं बिल करून घ्या, एचयूआयडी तिथेच ॲपवर तपासा. बिलाशिवाय पिशवीत घालून देतो म्हणाला तर घेऊ नका. उद्या नादारीत गेला तर आदल्या 3 महिन्यांत एखाद्याला झुकतं माप दिलं म्हणून असे व्यवहार उकरले जातात, आणि बिल नसलेला माल चोरीचा म्हणूनही दाखवता येतो. अर्धंच देतो म्हणाला तर अर्धं आजच घ्या, उरलेल्याची नवी चिठ्ठी ग्रॅममध्ये. योजनेचा दहावा हप्ता भरू नका, त्याऐवजी 45 हजारांचं नाणं मागा.

पुढच्या तारखेचा चेक देऊ केला तर घ्या, पण त्यावर विसंबू नका. न वटल्यास बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग त्याला 15 दिवस, मग महिन्याभरात फिर्याद. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ‘शेठ ओळखीचे आहेत’ म्हणून तारीख हुकवलेले लोक मी मोजायचं सोडून दिलं आहे.

आणि निघण्यापूर्वी मोडीची पावती शोधा. ती कुणाच्या नावावर आहे, सासूबाईंच्या की तुमच्या, वर ‘खरेदी’ छापलंय की ‘घडणावळीसाठी’ लिहिलंय, पाटल्या तुमच्यासमोर गाळल्या की अजून डब्यात आहेत, हे मला कळवा. अजून मुशीत गेल्या नसतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याच परत मागा.